पाकातले निरोप

कौटुंबिक न्यायालयातल्या मध्यस्थ बाईंनी नवऱ्याला एका खोलीत, बायकोला समोरच्या खोलीत बसवलं आणि इकडचे निरोप तिकडे नेत स्वतः मधल्या बोळात चपला झिजवायला घेतल्या. आज जमलं नाही, तर वीस वर्षांचा संसार मोडीत निघणार होता. म्हणून बाई प्रत्येक निरोप वाटेत पाकात बुडवत होत्या.

बायको म्हणाली, "त्या ठोंब्याला सांगा, चष्मा घरीच विसरलाय, आता आपटत फिर म्हणावं."

बाईंनी पोचवलं, "तुमच्या डोळ्यांची त्यांना फार काळजी वाटते हो."

नवरा म्हणाला, "त्या कैदाशिणीला सांगा, तिच्या हातचं सुटलं आणि माझं पोट सुधारलं."

बाईंनी पोचवलं, "तुमच्या हातच्या जेवणावाचून त्यांना घास उतरत नाही."

दोन्ही खोल्यांत चिडीचूप झालं. मात्रा लागू पडली म्हणून बाई पाणी प्यायला वळतात न वळतात, तोच दोन्ही दारं धाडकन उघडली.

 

बोळाच्या मधोमध एकमेकांच्या कपाळाला हात लावून नवरा-बायको घाबरीघुबरी होऊन विचारत होती, "कधीपासून ताप आहे?"