हिरवा ठिपका

"आ तो गयो, गेला हा, काका," दुकानदार म्हणाला. चिमटीत टर्बोची दांडी धरून त्यानं ती आत ढकलली, बाहेर ओढली. "आडवी जराशी हलली तर चालते. आत-बाहेर हलली की खलास. भंगारच्या भावात घेतो, बोला."

श्रीपतरावांनी मान डोलावली. हे वाक्य ते आता पाठ म्हणून दाखवू शकले असते.

"विकायचा नाहीये," सुनेत्राबाई म्हणाल्या. "तुमच्याकडून गेलाय का, तेवढं सांगा."

दुकानदारानं त्यांच्या नवऱ्याकडे पाहिलं. अशा वेळी शहाणा माणूस नवऱ्याकडेच पाहतो. श्रीपतराव चष्मा पुसत होते.

"आपला नाही, बेन. आपल्या मालावर खुणेला पिवळा ठिपका. हा हिरवा ठिपका दुसऱ्या कुणाचा तरी."

सुनेत्राबाईंनी टर्बो जुन्या टॉवेलात गुंडाळला आणि पिशवीत घातला. हीच पिशवी पूर्वी खंडेराव मार्केटला जायची आणि मेथीनं भरून यायची.

रविवार आता असेच जात. क्षितिज होता तोवर रविवारी श्रीखंड असायचं आणि बापलेकांचा वाद. क्षितिजच्या जुन्या डिझेल गाडीचा टर्बो, म्हणजे इंजिनात हवा कोंबणारा पंखा, गेला, तेव्हाही वाद झालाच. नवा घ्यायचा की जुन्या बाजारातला? जुना बसला. महिनाभरात हायवेवर त्याचं सील फुटलं. सील फुटलं की इंजिन स्वतःचंच ऑइल पिऊन पळत सुटतं. चावी काढली तरी थांबत नाही. क्षितिजची गाडी ट्रकला धडकून थांबली.

तो टर्बो पोरानंच कुठून तरी आणला होता, असं श्रीपतरावांनी तेराव्याच्या आधीच सांगून टाकलं होतं.

"मला कुणाला शिक्षा करायची नाहीये," सुनेत्राबाई तेव्हा म्हणाल्या होत्या. "ज्यानं हा चांगला म्हणून दिला, त्यानं एकदा माझ्याकडे बघून म्हणावं, की हो, मी दिला. बस."

श्रीपतरावांच्या घराण्यात सगळे तपासनीस. आजोबा संस्थानच्या हिशेबतपासणीत, वडील शाळातपासनीस, स्वतः श्रीपतराव कोयलीच्या रिफायनरीत पंप आणि टर्बाइनं तपासून निवृत्त झालेले. दुसऱ्याच्या चुका काढण्यावर तीन पिढ्या जेवल्या होत्या. घरात चूक करणारं असं कोणी नव्हतंच. त्यामुळे टर्बो घेऊन दारोदार हिंडायला याहून लायक माणूस बडोद्यात सापडला नसता.

कुठल्या रविवारी कुठलं दुकान, ते मात्र सुनेत्राबाई ठरवत. श्रीपतराव पिशवी धरत. दुकानदार पट्टीवरचा नंबर वाचायचा, पात्यांच्या कडांवरून बोट फिरवायचा, दांडी हलवायचा आणि म्हणायचा, आपला नाही. मग दोघं घरी येऊन खिचडी खात.

आज रिक्षात बसताना श्रीपतराव म्हणाले, "तरसालीचं एक दुकान राहिलंय."

सुनेत्राबाईंनी त्यांच्याकडे पाहिलं. "ऊन किती आहे. पुढच्या वेळी जाऊ."

"नाही. आजच."

"नक्की?"

"नक्की."

सुनेत्राबाईंनी रिक्षावाल्याला तरसाली सांगितलं. तरसाली येईपर्यंत त्यांनी पिशवी स्वतःच्या मांडीवर घेतली होती.

जशुभाईचं दुकान म्हणजे पत्र्याची शेड. फळ्यांवर अल्टरनेटर, रेडिएटर, गिअरबॉक्स, आणि प्रत्येकावर हिरवा ठिपका. गल्ल्याशेजारी हिरव्या रंगाचा डबा होता, त्यात ब्रश उभा होता.

श्रीपतरावांनी स्वतः टर्बो काढून समोर ठेवला. "हिला सांगा," ते म्हणाले. "हा कुणाचा माल?"

जशुभाईनं टर्बो उजेडात धरला. पट्टी वाचली. पाती पाहिली. दांडी आत-बाहेर केली. कुठल्याही दुकानदारापेक्षा जास्त वेळ लावला.

"आपला नाही," तो म्हणाला.

सुनेत्राबाईंची नजर फळीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत सावकाश फिरली, ठिपक्यावरून ठिपक्यावर, आणि रंगाच्या डब्यापाशी थांबली.

"बरं," त्या म्हणाल्या. "तुमचा वेळ घेतला. अहो, मी रिक्षात बसते. या तुम्ही."

त्यांची पाठ वळली तसे श्रीपतराव गल्ल्यावर वाकले.

"खोटं का बोललात?"

"हळू बोला, साहेब."

"अहो, सगळ्या दुकानभर तुमचा ठिपका आहे! हा तुमचाच माल!"

"माझाच," जशुभाई म्हणाला. "तीन काढून ठेवले होते. दांडी हलवून हा तुम्ही निवडलात. तुमचा मुलगा तर म्हणत होता, पप्पा, नवाच घेऊ. तुम्ही त्याला गाडीत जाऊन बसायला सांगितलंत."

श्रीपतरावांनी गल्ल्याची कड घट्ट धरली.

"ते मला माहीत आहे," ते म्हणाले. "माझ्या तोंडून निघत नाही हो. म्हणून तर तिला इथे आणलं. म्हटलं, तुम्ही सांगाल."

जशुभाईनं टर्बो टॉवेलात गुंडाळला, पिशवीत घातला आणि पिशवी त्यांच्या हातात दिली.

"बेन टर्बो बसवणाऱ्या मेकॅनिककडून पत्ता काढून पहिल्याच आठवड्यात येऊन गेल्या, साहेब. सगळं ऐकलं. जाताना म्हणाल्या, एक दिवस ते मला इथे घेऊन येतील. तेव्हा तुम्ही नाही म्हणा. ते त्यांना स्वतःच्या तोंडानं सांगू दे."