ट्यूबच्या मापाचा ऊस

सुभेदार मानसिंगांनी काउंटरवर हातभर नव्हे, चांगला लांबलचक ऊस आडवा ठेवला. दोन्ही टोकं कोयत्यानं सरळ छाटलेली आणि प्रत्येक टोकात बाभळीचे दोन-दोन काटे खोचलेले.

"रसाचं दुकान पलीकडं हाय, सुभेदार," शाहनवाज हसला. सांगलीत मासे आणि काचेच्या टाक्या विकणारा हा पोरगा त्यांना आता चांगला ओळखत होता.

"माप हाय ते. ह्याच मापाची ट्यूब दे," मानसिंग खालच्या आवाजात म्हणाले. कुंडलपासून एसटीत ज्यानं त्यानं त्या उसावरून त्यांची चेष्टा केली होती.

पण इलाज नव्हता. घरच्या माशांच्या टाकीची गेलेली ट्यूब काढताना ती त्यांनीच हातातून सोडली, चक्काचूर झाली. मग टेप लावला तो टाकीच्या काचेला. आणलेली ट्यूब झाकणात मावेना. पुन्हा आले, 'तीन फुटी दे' म्हणून हुकूम सोडला आणि बारीक जातीची घेऊन गेले. तिच्या पिना होल्डरात बसेनात. ट्यूबला लांबीसारखी जाडीही असते, हे सुभेदारांच्या ध्यानीमनी नव्हतं.

टाकी त्यांच्या बायकोची, रंगूबाईची. तिच्या डोळ्यांचे पडदे खराब झालेले, डॉक्टरांनी हात टेकलेले. घरात तिला माणसं सावल्यांसारखी अंधुक दिसायची आणि उन्हात डोळे दिपायचे. त्या ट्यूबच्या उजेडात मात्र काचेला नाक लावलं की मासे दिसायचे. मानसिंग टाकीकडे कधी फिरकले नव्हते, 'माशांचं खूळ' म्हणायचे. पण ट्यूब गेल्यापासून बायको अंधाऱ्या काचेपुढं नुसती बसून राहायची, ते त्यांना बघवेना.

"एलईडी लावा की," शाहनवाज म्हणाला.

"नको. तिच्या डोळ्याला त्योच उजेड सोसतोय."

शाहनवाजनं मागच्या खोलीतून धूळ खात पडलेली जाड ट्यूब काढली. पुसून उसाशेजारी ठेवली आणि बघतच राहिला. लांबी तीच, जाडी तीच. एवढंच काय, दोन काट्यांत अंतर जेवढं, दोन पिनांतही तेवढंच.

"या अल्ला! हे कुणी केलं?"

"आमच्या मंडळींनी. झाकणात हात घालून चाचपलं, होल्डरची भोकं बोटानं मापली, क्लिपमधी बसंल असा ऊस मोळीतनं हुडकून काढला."

"आन् तुमी टेप घिऊन दोनदा चुकला व्हय?"

"चुकलो की!" मानसिंग असे खूष होऊन म्हणाले, जसं काही बक्षीसच मिळालं. "लय हुशार बाई हाय, गड्या."

परतीच्या एसटीत त्यांनी ट्यूब मांडीवर घेतली आणि ऊस हातात उभा धरला. शेजारच्यानं काही विचारायच्या आतच ते रंगूबाईचं कौतुक सांगू लागले. पलूस आलं तरी त्यांचं संपलं नव्हतं.

घरी गेल्या गेल्या चपला काढून ते टाकीवर ओणवे झाले. ट्यूब पहिल्याच झटक्यात बसली. बटण दाबलं, ती दोनदा लुकलुकली आणि टाकी लख्ख उजळली. मासे दचकून इकडेतिकडे पळाले.

रंगूबाईनं नाक काचेला लावलं.

"दिसल्यात का मासं?" टाकीच्या पलीकडून वाकत मानसिंगांनी विचारलं.

ती काचेवरून मान वर काढून उजेडात आलेल्या त्यांच्या तोंडाकडं बघत राहिली.

"आवं," ती हळूच म्हणाली, "मिशी समदी पांढरी झाली की तुमची. कवा झाली?"