बाबांच्या आवाजाचं फोल्डर

मुलांनो, असं समजा, की तुमच्या बाबांच्या घशाचं ऑपरेशन होणार आहे आणि नंतर त्यांना कधीच बोलता येणार नाही.

सातवीतल्या शाल्मलीच्या बाबांचं तसंच होणार होतं. तिने ऑपरेशनआधी त्यांना शाळेत नेऊन त्यांची वाक्यं तिथल्या संगणकावर रेकॉर्ड केली. "टीव्ही बारीक कर, कार्टे!" हेसुद्धा. मग प्रोग्राम लिहिला. बटण दाबलं, की बाबांचा आवाज. घरच्या संगणकावर चालावा म्हणून त्याची एकच फाइल बनवली, शाळेत वाजवून पाहिली आणि पेनड्राइव्हवर नेली.

ऑपरेशननंतर घरी बाबांनी बटण दाबलं. आवाजच आला नाही. फाइलमध्ये नुसता प्रोग्राम होता. आवाजांचं फोल्डर ती त्यात घालायला विसरली होती. शाळेच्या संगणकावर ते फाइलच्या शेजारीच असल्याने तिथे आवाज वाजला होता आणि चूक कळली नव्हती.

ती शाळेत संगणकाच्या सरांकडे धावली.

"तू सगळं नेलंस ना, म्हणून सुट्टीत संगणक कोरे केले गं," सर म्हणाले. "बाबांना पुन्हा आण, आपण परत..." आणि ते थांबले.

संध्याकाळी बाबांनी 'शालू, इकडे ये' हे बटण दाबलं. काहीच वाजलं नाही. शाल्मली उठली आणि त्यांच्याजवळ जाऊन बसली.