काजव्याचं उत्तर

दिवस मावळला तसे साऱ्या वाडीने दिवे मालवले. काजवे परत यावेत म्हणून दर ज्येष्ठात महिनाभर हा अंधार पाळायचा. बारा वर्षांत एकाही घराने खाडा केला नव्हता.

चांगुणा ओढ्याकाठी बसून हातातल्या यंत्राचं बटण दाबत होती. त्यातून मादी काजव्यासारखा हिरवा उजेड लुकलुके. कुठे एखादा नर उरलाच असेल, तर त्याने उत्तर द्यावं, एवढीच आशा.

आज ओढ्यापलीकडच्या झाडीत हिरवं चमकलं. तिने पुन्हा बटण दाबलं. पुन्हा उत्तर आलं. मागे बसलेल्या म्हाताऱ्या हात जोडून रडू लागल्या.

तेवढ्यात फोन वाजला. पलीकडच्या वाडीतला तिचा बुधाजीमामा धापा टाकत बोलत होता.

"पोरी, तुमच्या काठाला काजवा आलाय! आम्ही कालच ते यंत्र आणलं. मी बटण दाबलं की लगेच उत्तर देतो बघ! पोरंबाळं नाचायला लागलीत."

चांगुणाचं बोट बटणावरून निसटलं.

"अगं, थांबला," मामाचा आवाज एकदम पडला. "मेला का काय?"

तिने मागे वळून रडणाऱ्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं.

"नाही मामा, आहे," ती म्हणाली, आणि तिने पुन्हा बटण दाबलं.