कोळशाची पेटी

हुल्डा क्राउस नावाचं कार्ड मारिसोलला नको होतं. तिला ओतिलिया बार्रेला पाहिजे होती. संग्रहालयातल्या जुन्या शाळेच्या दारात ठेवलेली टोपली तिने दोनदा चाळली. चाळीस कार्डं, चाळीस जुनी मुलं. शाळा बघायला येणाऱ्या प्रत्येकाने एक कार्ड उचलायचं आणि तासभर त्या नावाला ओ द्यायची. ओतिलिया त्यांत नव्हती.

खरी ओतिलिया मागेच उभी होती. वय शहाऐंशी, हातावर मुलांच्या स्वेटरांचा ढीग. चौथीच्या वर्गाला सांभाळायला मोठं माणूस हवं होतं, म्हणून मारिसोलची पणजी आली होती. सकाळपासून लोहाराचं दुकान बघून झालं, रेल्वेचा लाल डबा बघून झाला, आणि दोन्हीकडे मारिसोल एकच सांगत होती, यानंतर आहे ती माझ्या पणजीची शाळा.

"तुझी पणजी रोज दांडी मारत असेल," वर्गातला टकर म्हणाला. दोघंतिघं हसली. मारिसोलने हुल्डाचं कार्ड उचललं आणि पणजीकडे न बघता ती आत गेली.

ओतिलियाने शाळेच्या बाईंना गाठलं. तिचं नाव व्हर्ना हॅस्केल. अकरा वर्षं ती लांब झगा घालून, हातात घंटा घेऊन सत्तेचाळीस सालची मास्तरीणबाई होत होती. ओतिलियाने हळू आवाजात सांगितलं की आम्ही साखरेचं बीट काढणाऱ्या मजुरांची पोरं. शेतातलं बीट निघालं की नोव्हेंबरात यायचो आणि एप्रिलात रोपं विरळायला परत जायचो. तेव्हाच्या बाई आम्हाला बसू द्यायच्या, पण हजेरीत घालायच्या नाहीत.

व्हर्नाने नीट ऐकून घेतलं. दर महिन्याला कोणीतरी येऊन या शाळेशी नातं सांगायचंच.

"आजी, कार्डं हजेरीवरूनच केलीत," ती म्हणाली. "तुम्ही म्हणता तसं असेलही. पण मी कशावरून लिहू?"

मग तिने घंटा वाजवली. घंटेनंतर शाळेत आजच्या काळातलं काही बोलायचं नाही, हा तिचा नियम होता. तो तिने स्वतः कधी मोडला नव्हता.

हजेरी झाली. फळ्याच्या कोपऱ्यात व्हर्नाने खडूने लिहिलं, हजर २२. पाट्यांवर बेरजा झाल्या. एकेकाने उभं राहून धडा वाचला. ओतिलिया मागच्या भिंतीशी स्वेटर घेऊन उभी होती. मारिसोल पुढच्या बाकावर ताठ बसली होती. तिने एकदाही मागे वळून पाहिलं नाही.

टकर च्युइंगम चघळताना सापडला. रोज कोणीतरी सापडायचंच. व्हर्नाने त्याला शेगडीजवळच्या कोळशाच्या पेटीवर नेऊन बसवलं. शेगडीत आता कोळसा नसे, नुसता लाल बल्ब लागायचा. पेटीच्या झाकणावर दोन खळगे पडले होते, बसून बसून घासलेले, गुळगुळीत.

"बघा, किती खोडकर मुलं इथं बसून गेली," ती म्हणाली. "लाकूडसुद्धा झिजलं."

वर्ग हसला. टकरने जीभ काढून दाखवली.

"शिक्षा नव्हती ती," मागून आवाज आला.

सगळ्यांनी माना वळवल्या. ओतिलियाने स्वेटर खाली ठेवले होते.

"बाक हजेरीतल्या पोरांना लागायचे. आम्ही दोघी बहिणी तिथं बसायचो. आमच्या आधी दुसऱ्या बीटवाल्यांची पोरं. धाकटी शेगडीकडे, तिला थंडी फार. मी या बाजूला."

व्हर्नाने टकरला मानेनेच जागेवर जायला सांगितलं.

ओतिलिया बाकांमधून चालत पुढे आली. गुडघ्यावर हात ठेवून ती सावकाश पेटीवर टेकली. समोर शेगडीचा धूर वर नेणारा जाड नळ होता आणि त्याच्या आड अर्धा फळा. तिने पाय उचलून बाजूला घेतले, कंबर वळवली आणि तिरकी होऊन बसली, तेव्हा तिला फळा दिसला.

व्हर्ना झाकणाकडे बघत राहिली. ओतिलिया बसली होती तो खळगा तिरका होता. शेगडीकडचा सरळ, हा तिरका. अकरा वर्षं रोज झाकण पुसताना तिचा हात तिथं अडखळला होता.

शाळेबाहेर बसचालकाने भोंगा वाजवला. निघायची वेळ झाली होती. आत कोणी हललं नाही.

व्हर्नाने झगा सारखा केला आणि मास्तरीणबाईंच्याच आवाजात विचारलं,

"आलीस? म्हणजे बीट निघालं वाटतं सगळं."

ओतिलियाने हात मांडीवर ठेवले.

"हो बाई. काल शेवटची गाडी भरली."

व्हर्ना फळ्यापाशी गेली. बोटाने तिने बाविसातला शेवटचा आकडा पुसला आणि तिथं तीन लिहिला.

पुढच्या बाकावरून मारिसोल उठली. न विचारता आली आणि पेटीवर शेगडीच्या बाजूला बसली. ओतिलिया फळ्याकडेच बघत होती. बघता बघताच तिने दोन्ही तळवे त्या लाल बल्बासमोर धरले आणि मग मारिसोलचे हात ओढून तेही पुढे केले.