एसीची वायर

गाडीतला पंखा जोरात फिरत होता, पण वारा गरमच येत होता. स्वरूपानं भिगवणला रस्त्याकडेच्या एका दुकानापुढं गाडी थांबवली. गाड्यांच्या वायरिंगचं काम करणारा रावजी बाहेर आला. एसी बारामती सोडल्यापासून बंद पडलाय, असं तिनं सांगितलं. मागच्या सीटवर झोपलेल्या मुलीच्या, सृष्टीच्या, मानेवरचा घाम पुसला आणि रेल्वे स्टेशन इथून किती लांब आहे, तेही विचारून घेतलं.

रावजीनं बॉनेट उघडलं. फ्यूज शाबूत होता. रिले बदलून पाहिला, तरी कॉम्प्रेसर हलेना. मग त्यानं बॅटरीवरून त्याला सरळ वायर दिली. खट् आवाज झाला आणि कॉम्प्रेसर फिरू लागला. म्हणजे तो चांगला होता, त्याच्यापर्यंत करंटच पोचत नव्हता.

वायरीचा माग काढत तो डॅशबोर्डखाली शिरला. एका जागी नवी काळी टेप दिसली. टेप सोडली, तर आत मूळ वायर सोलून तिला दुसरी बारीक लाल वायर पिळलेली. पिळणाऱ्यानं घाई केली होती, मूळ वायर तुटली होती. लाल वायर पुढं काडेपेटीएवढ्या एका डबीत गेली होती. डबीवर हिरवा दिवा लुकलुकत होता.

ट्रकचे मालक असल्या डब्या बसवून घेतात, गाडी कुठं आहे ते मोबाईलवर बघायला. रावजीनं ती बाहेर काढली आणि तुम्ही बसवलीय का, म्हणून विचारलं.

स्वरूपानं नाही म्हणून मान हलवली.

"ह्यातून बोलणं ऐकू जातं का?" तिनं अगदी हळू विचारलं.

"काही डब्यांतनं जातं, ताई."

तेवढ्यात तिचा फोन वाजला. तिनं तो वाजू दिला. पुन्हा वाजला तेव्हा उचलला आणि नुसती ऐकत राहिली. मग रावजीकडं वळून तिनं भराभरा सांगितलं. नवऱ्याला तिनं इंदापूरला आईकडं जाते असं सांगितलं होतं. इंदापूरला भिगवणवरून कधीपासून जायला लागलीस, असं तो विचारत होता. तो इथून जवळच, मदनवाडीपर्यंत आला होता. आता ती गाडी घेऊन कुठंही निघाली, तरी तो गाठणार होता.

"मला त्यांच्यासोबत पाठवू नका," ती म्हणाली.

रावजीचं घर दुकानाच्या मागंच होतं. त्यानं बायकोला हाक मारली. छबूबाईनं स्वरूपाच्या तोंडाकडं एकदा बघितलं आणि काही विचारलं नाही. झोपलेल्या लेकराला कडेवर घेतलं, दोघींना आत नेलं आणि दार लावून घेतलं.

काम चालू दिसायला हवं, म्हणून रावजी तुटलेली वायर जोडायला बसला. टेप गुंडाळून त्यानं गाडी चालू केली आणि एसीचा स्विच दाबला. गार वारा आला. त्याच वेळी दुकानापुढं मोटारसायकल थांबली.

ऋषिराजनं हेल्मेट काढून नमस्कार केला. बायको आणि मुलगी कुठं गेल्या, असं शांतपणे विचारलं. गाडीला वेळ लागेल म्हणून त्या सोलापूरच्या एसटीत बसून गेल्या, असं रावजीनं सांगितलं. ऋषिराजनं मान हलवली. सीटवर पडलेली डबी उचलून खिशात टाकली. मग दुकानामागच्या बंद दाराकडं बघितलं.

"घर मागंच का तुमचं?"

"व्हय."

"मग जेवून या. मला काही घाई नाही."

तो एसी चालू ठेवूनच गाडीत बसला. काच वर घेतली, सीट मागं सरकवली आणि तोंड त्या दाराकडं केलं.

ऊन रणरणत होतं. रावजी तोच पाना पुन्हा पुन्हा पुसत उभा राहिला. काचेआड त्या माणसाचे केस वाऱ्यानं हळूहळू हलत होते. आपण दुरुस्त केलेलं काम बिघडावं, असं रावजीला आजवर कधी वाटलं नव्हतं.

डॅशबोर्डखाली शिरताना त्यानं पेट्रोलचा काटा बघितला होता. टाकी भरलेली होती.