चौथं प्रकरण

रत्नानं पुस्तक हातात ठेवलं, तेव्हा भिकुबाईनं आधी पदराला हात पुसले आणि मग ते धरलं.

पुस्तक युद्धांवरचं होतं, पण त्यात एकही लढाई नव्हती. खान्देशातले जवान सीमेवर गेले आणि त्यांच्या मागे त्यांच्या घरांचं काय झालं, एवढंच रत्नानं शोधलं होतं. धुळ्याच्या कॉलेजात इतिहास शिकवता शिकवता ती त्यासाठी गावोगावच्या बायकांशी बोलत हिंडली. त्यातलं चौथं प्रकरण भिकुबाईचं. तिचा नवरा पुना एकाहत्तरच्या युद्धात कामी आला. पुढं घरच्यांनी धाकट्या दिराशी, उखर्डूशी, तिचा पाट लावून दिला.

प्रकाशकांनी बायकांची नावं बदलायला सुचवलं होतं. अशा ग्रंथांत तशी पद्धतच असते. भिकुबाईचा मुलगा जितेंद्रही तेच म्हणत होता. घरातलं भाऊबंदांच्या तोंडी कशाला द्यायचं, असं त्याचं म्हणणं. भिकुबाई मात्र ऐकेना. नाव बदलायचं तर माझं बोलणंही काढून टाका, असं तिनं फोनवर सांगून टाकलं. रत्ना प्रकाशकांशी भांडली आणि खरी नावं ठेवली. आज ती आभार मानायला आली होती खरी, पण ओसरीवर बसलेल्या उखर्डूआबांकडे पाहायचा तिला धीर होत नव्हता.

"आबांसमोरच वाचा, ताई," जितेंद्र म्हणाला. "काय लिहिलंय ते त्यांनाही कळू दे."

पुस्तक रत्नाकडे परत देऊन भिकुबाई चहा ठेवते म्हणून आत गेली. रत्नानं पान उघडलं.

"'मला सगळे पुनाची बायको म्हणून ओळखतात. सव्वीस जानेवारीला शाळेत बोलावतात, साडी-नारळ देतात. पुनाबरोबर माझा संसार झाला तो त्याच्या दोन सुट्ट्यांपुरता. ज्यानं भुसावळची रेल्वेची नोकरी सोडली, पुनाची पोर खांद्यावर वाढवली, तो त्या कार्यक्रमात मागं उभा असतो. त्याला कुणी काही विचारत नाही. या घराला उभं केलं त्यानं. त्याचं नाव उखर्डू. हे तुमच्या पुस्तकात लिहा.'"

जितेंद्र खाली बघत राहिला.

 आबा काठी भिंतीला लावून रत्नाकडे सरकले. नोकरीचं त्यांनी काही विचारलं नाही, भाऊबंदांचंही नाही.

"तिनी मनं नाव लिधं?"

"हो आबा, तुमचं नाव घेतलं. स्वतःच्या तोंडानं."

इतक्या वर्षांत भिकुबाईनं त्यांना कधी नावानं हाक मारली नव्हती. नुसतं 'अहो', नाहीतर 'जितूना बाप'. आबांनी उपरण्यानं डोळे टिपले आणि रत्नासमोर हात जोडले. रत्नानं घाईनं ते हात धरले.

"आखो एकदाव वाच, माय," आबा म्हणाले.

जितेंद्रनं तिच्या मांडीवरचं पुस्तक हळूच उचललं. "मी वाचतो, ताई."

आणि तो पुन्हा पहिल्या ओळीपासून वाचायला लागला. भिकुबाई चहा घेऊन दारापर्यंत आली होती. नाव यायचं होतं अजून. ती तिथंच थांबली.